दैव की हयगय?

एखाद्या घरी भाजण्याचा अपघात घडला म्हणजे भेटावयास येणाऱ्या मंडळींच्या तोंडून बहुधा दोन उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "दैवात होते ते चुकले नाही", कोणी म्हणतो, "बाईनेच जरा जपावयास हवे होते." दोन्ही उद्गार कळवळ्याने काढलेले असतात, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि पहिल्याने दोष सर्वांवरून उठतो आणि दुसऱ्याने तो एकीवरच बसतो. आणि दोहोंचा परिणाम एकच होतो, तो हा की चूल जेथल्या तेथे राहते व दुसऱ्या अपघाताची वाट मोकळी राहते. ह्यास्तव स्वयंपाकघरातील अपघातांविषयी खरा दोष कोणता व खरे कर्तव्य कोणाचे, ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम दैवाविषयी. आपल्या मालवण, देवगड व वेंगुर्ले येथील मच्छीमार दर्यावर जावयाचा तो आकाश पाहिल्यावाचून जात नाही. होडीची फट बुजविल्यावाचून तो ती पाण्यात लोटीत नाही. दर्या आपणांस ओळखत नाही व कोणाची गय करीत नाही, हे तो जाणतो. मग तोच मनुष्य घरी येऊन विस्तवाविषयी निश्चिंत का असावा? विस्तवही कोणास ओळखत नाही. फरक इतकाच की, दर्याची भीती रोज डोळ्यांपुढे उभी असते, आणि चुलीची भीती सवयीने मेलेली असते. जी गोष्ट आधीच ठाऊक आहे व जी थोड्या श्रमाने टळण्यासारखी आहे, तीस दैव म्हणणे म्हणजे आपल्या हयगयीस देवाचे नाव देणे होय.

आणि ठाऊक नाही असे त्यात काय आहे? ओले काजूगर सोलणारी बाई आधी हातास तेल किंवा राख लावते, कारण टरफलाचा चीक लागला तर कातडी भाजून निघते, हे तिला तिच्या आईने शिकविलेले असते. काजूबिया भाजताना तो चीक पेट घेऊन उडतो, म्हणून मुलांस दूर हाकलतात. त्या चिकाशी कोणी दैव म्हणून वागत नाही. जी दूरदृष्टी काजूच्या बीविषयी आपण दाखवितो, तीच पेजेच्या मडक्याविषयी का दाखवू नये? चूल जमिनीसरशी, वैलावर उकळती पेज, आणि बाजूस रांगते मूल, हा देखावा गावोगाव आहे. त्या मुलास विस्तव म्हणजे काय हे कळत नाही. चकाकते ते त्याला धरावेसे वाटते. चुलीभोवती हातभर उंचीचा आडोसा घातला, किंवा चूल ओट्यावर चढविली, तर ते मूल वाचते. कढईतील तेलाने पेट घेतला असता घाबरून पाणी ओतणे हे तर भयंकरच; कारण पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते व जळते तेल घरभर उधळते. अशा वेळी आच बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे, इतकेच पुरे.

सिलिंडरच्या गॅसची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्या वायूस स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो सुटला हे लोकांस कळावे म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. म्हणजे कोणा अनोळखी मनुष्याने आपल्या जिवाची काळजी आपणांआधी वाहिली आहे. तो वायू हवेहून जड असल्यामुळे खाली जमिनीवर साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, विजेच्या बटणास हात लावू नये, सर्वांनी बाहेर यावे आणि १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. इतका इशारा मिळूनही जो काडी ओढतो, त्याने दैवाचे नाव घेऊ नये. तसेच रॉकेल किंवा होडीच्या यंत्राचे इंधन पाण्याच्या अथवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवणे ही चूक नव्हे, तो लेकरांसाठी मांडलेला सापळा होय. ते पोटात गेले असता ओकारी काढवू नये, कारण ओकताना ते फुप्फुसांत शिरते. मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आता दुसऱ्या उद्गाराकडे वळू. बाईनेच जपावे हे म्हणणे न्यायाचे आहे काय? मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यास धाब्यावर कठडा घालण्याची आज्ञा आहे. न घातला व कोणी पडून मेला, तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो. आपल्याकडील घरे कौलारू, त्यांस धाब्याचा कठडा लागत नाही. परंतु तत्त्व ध्यानात घ्यावे. तेथे पडणाऱ्याने का पाहिले नाही असा प्रश्न विचारलेला नाही, तर बांधणाऱ्याने कठडा का घातला नाही असा विचारला आहे. चूल कोठे असावी, धुरास वाट असावी की नाही, गॅसची रबरी नळी मुदत सरल्यावर बदलावी की नाही, हे बहुतेक घरांत ती बाई ठरवीत नाही. पैसा ज्याच्या हाती तो ठरवितो. जो त्या चुलीवरचा घास खातो, तो त्या चुलीच्या धोक्याचा वाटेकरी आहे. पुरुषांनी हे काम बायकांचे म्हणून सोडावे, ह्यास आम्ही थोरपणा म्हणू शकत नाही.

कोणी म्हणेल, गरिबास हे परवडते कोठे? आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणे बरे नाही. पावसाळ्यात लाकडे भिजतात, चूल पेटत नाही, मुले भुकेने रडतात. अशा वेळी चुलीत रॉकेल ओतणाऱ्या आईस मूर्ख म्हणणे निर्दयपणाचे होईल. परंतु म्हणूनच हा प्रश्न तिच्या एकटीचा न राहता शेजाऱ्यांचाही होतो. ज्याच्या खोपीत सुकी सोडणे व करवंट्या आहेत, त्याने शेजारणीस दोन टोपल्या द्याव्या. आडोशास चार विटा पुरतात, झाकणास एक जुने ताट पुरते. पुष्कळ सावधगिरी पैशाने नव्हे, लक्षाने विकत मिळते.

अपघात झाल्यावर खरे बोलणे हेही एक कर्तव्यच आहे. १६६६ साली लंडन शहराचा मोठा भाग जळून गेला. ती आग थॉमस फॅरिनर नामक भटारखानेवाल्याच्या घरी लागली. आपण भट्टी नीट विझविली होती, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या एका फ्रेंच मनुष्याने आग लावल्याचा कबुलीजबाब दिला, फॅरिनर त्याच्याविरुद्धच्या आरोपपत्रावर सही करणाऱ्यांत होता, आणि ह्यूबर्टास फाशी झाली. पुढे कळले की, आग लागली तेव्हा तो लंडनात पोहोचलाच नव्हता. एका भट्टीची हयगय कबूल करण्यापेक्षा परक्याचा जीव जाऊ देणे मनुष्यास सोपे वाटते, हे केवढे लाजिरवाणे आहे!

आपल्या देशात ह्याच्या उलट, पण ह्याहून काळे असत्य चालत आले आहे. तेथे अपराधास अपघात म्हणतात. "स्टोव्हचा भडका उडाला" ह्या तीन शब्दांखाली किती सुनांचे छळ झाकले गेले! म्हणूनच १९८३ साली नवऱ्याच्या व सासरच्यांच्या क्रूरतेविषयी, आणि १९८६ साली हुंडाबळीविषयी, दंडविधानात स्वतंत्र कलमे घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहेत. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्री भाजून मेली, आणि मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले, तर कायदा त्यास निव्वळ अपघात मानीत नाही. शेजाऱ्याने काही पाहिले-ऐकले असून "आपणांस काय त्याचे" म्हणून गप्प बसणे हे सभ्यपण नव्हे. जो अपघातास दैव म्हणण्याची सवय लावून घेतो, तो एके दिवशी खुनासही दैव म्हणू लागतो.

शेवटी, भाजलेल्या मनुष्याचे पहिले देणे शेजाऱ्याकडेच असते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड वाहते पाणी सोडावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्या. शाई, तेल, दात घासण्याची पेस्ट अगर बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ फडक्याने हलके झाकून, १०८ क्रमांकावर गाडी बोलावून दवाखान्यात न्यावे.

वाचकहो, आज रात्री जेवण आटोपल्यावर घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः चुलीपाशी बसून पाहावे: मुलाचा हात कोठवर पोहोचतो, नळीस चीर आहे काय, बाटलीत काय भरले आहे. जे दिसेल ते उद्यावर टाकू नये. दर्यावर जाण्याआधी होडी पाहणाऱ्या लोकांस हे जड वाटू नये.