गंजाखालचा नंबर

शास्त्रपाठ : लूक १५:८-१०, २ तीमथ्य २:१९



जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. संस्थानिकांच्या काळातील गाड्या आरशासारख्या चकाकत होत्या. पुढे काही महिन्यांनी त्याच शहरी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो, तेव्हा निराळेच दृश्य पाहिले. हमरस्त्यालगतच्या पडीक जागेत, बाभळीच्या झुडपांत दोन अँबेसिडर, एक फियाट आणि मागे पंखांसारखे पत्रे असलेली लांबलचक अमेरिकन शेव्हरोलेट, चाके मातीत रुतलेली अशा उभ्या होत्या.

सोबतच्या काकांनी सारे आयुष्य गॅरेजात घालवलेले. आम्ही म्हणालो, "काका, हे आता भंगारच!"

ते म्हणाले, "भाऊ, गाडी चालून झिजते, पण उभी राहून मरते. पेट्रोल चिकट होते, ब्रेकच्या तेलात पाणी शिरते, उंदीर वायरी कुरतडतात, इंजिन जाम होते." मग खाली वाकून त्यांनी शेव्हरोलेटच्या लोखंडावर फडके घासले. गंजाखालून आकडे उमटले. "हा चेसिस नंबर. कारखान्यात लोखंडावरच ठोकलेला. हा शाबूत असला की गाडी कोणाची ते शोधता येते. भंगारवाला वजन बघतो, आम्ही आधी नंबर बघतो."

प्रभूच्या दाखल्यातील नाणे असेच होते. मेंढरू निदान ओरडते, धाकटा पुत्र स्वतः उठून घरी येतो. नाण्याला यांतले काहीच जमत नाही. आणि ते रानात नव्हे, घरातच हरवले होते! धूळ बसली म्हणून त्यावरचा ठसा पुसला नाही, मोलही घटले नाही. त्या स्त्रीने दिवा लावला, घर झाडले, सापडेपर्यंत शोधले.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आदल्याच वर्षी आमच्या पंचांच्या सभेत आम्ही सभासदांची यादी 'साफ' केली होती. दोन वर्षे उपासनेस न आलेल्या सात जणांची नावे तांबड्या शाईने कापली. त्यांत वीस वर्षे शब्बाथशाळेत शिकवलेल्या एक बाई होत्या. पती प्रभूमध्ये निजल्यानंतर त्या येईनाशा झाल्या. त्यांची वर्गणी थकल्याची नोंद आमच्याजवळ होती; त्यांच्या दारी कोणी गेल्याची नव्हती. आम्ही वजन पाहिले, नंबर पाहिला नाही.

परत येताच आम्ही त्यांच्याकडे गेलो. दार उघडून त्या म्हणाल्या, "वाट चुकलात का?" हा प्रश्न आम्हांला फार लागला. वाट आम्हीच चुकलो होतो!

बाई अजून उपासनेस आलेल्या नाहीत. काकांनी सांगितले होते, जाम इंजिनाला हिसका देऊ नये. आत तेल सोडून काही दिवस थांबावे, मग हळूहळू हाताने फिरवावे. म्हणून आम्ही दर बुधवारी जातो, चहा घेतो, एक स्तोत्र वाचतो. मागच्या बुधवारी पुस्तक त्यांनी स्वतः उघडले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या हजेरीपटात गैरहजेरीची रांग लागलेली नावे या आठवड्यात पाहा. जे प्रभूचे आहेत त्यांना तो ओळखतो, असे पौल तीमथ्याला लिहितो. त्याने मारलेली ती मुद्रा आमच्या तांबड्या शाईने पुसत नाही. मात्र दिवा लावून घर झाडण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.

हे प्रभो, आम्हीही एकेकाळी गंजून पडलो होतो आणि तू मोल देऊन आम्हांला घेतलेस. कापलेली नावे पुन्हा लिहिण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.