चोरवाट

यंत्र बिघडले म्हणजे माणसाचा स्वभाव कळतो, असे माझे मत आहे. घरातले घड्याळ बंद पडले की कोणी ते कानाशी लावतो, कोणी हलवून पाहतो, आणि कोणी घरातल्या साऱ्यांना एका ओळीत उभे करून विचारतो, "याला हात कोणी लावला होता?" या शेवटच्या गृहस्थांची संख्या आपल्यात बरीच मोठी आहे. बिघाड झाला की त्यांना आधी गुन्हेगार हवा असतो. कारण सापडले तर सापडले. वास्तविक कारण आणि गुन्हेगार या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. ही गोष्ट नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा मला एका जुन्या मालमोटारीने अधिक स्पष्ट करून सांगितली.

पेट्रोलवर चालणारे इंजिन श्वास घेते. दट्ट्या खाली उतरला की सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि ती भरण्यासाठी हवा धावते. इंजिन हवा ओढते, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे बाहेरची हवाच आत रेटली जाते. आपल्या सर्वांवर हवेचा जो भार आहे तो समुद्रसपाटीला सुमारे ३० इंच उंच पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो, हे टॉरिचेल्लीने १६४० नंतरच्या दशकात दाखवून दिले. ही हवा कार्ब्युरेटरच्या दारातून आत यावी आणि येताना वजनाने सुमारे पंधराव्या हिश्श्याइतके पेट्रोल बरोबर आणावे, अशी योजना असते. गाडी उभी आणि इंजिन संथ चालू असते तेव्हा हे दार जवळजवळ मिटलेले असते. त्यामुळे त्याच्या आतल्या बाजूच्या नळकांड्यात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, निर्वात साठतो. निरोगी इंजिनात तो साधारण १७ ते २२ इंच भरतो.

आता या नळकांड्याच्या सांध्याला किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या रबरी नळीला बारीकशी चीर पडली, तर तेथून हवा आत शिरते. ही चोरवाटेने आलेली हवा. तिने दारावर हजेरी दिलेली नसते आणि पेट्रोलही बरोबर आणलेले नसते. मिश्रण पातळ होते, इंजिन थरथरते, चढउतार करते, कधी बंदच पडते. गंमत अशी की गाडी वेगात पळू लागली की हा दोष बहुधा दडून बसतो. दार उघडून हवेचा लोंढा सुरू झाल्यावर चिरेतल्या झुळुकेला कोण विचारतो? दोष जाणवतो तो इंजिन स्वस्थ उभे असताना.

१९६८ साली आमच्या शेजारी, कोल्हापुरात शाहूपुरीत, एका गूळव्यापाऱ्याची अशी पेट्रोलवर चालणारी मालमोटार होती. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्यांपैकी ती एक. गूळ भरून ती आंबा घाटाने रत्नागिरीस उतरत असे. अठरा वर्षे एकच ड्रायव्हर तिच्यावर होता. त्याने एके दिवशी मालकांना सांगितले, "मालक, इंजान हुबं ऱ्हायलं की थरथरतंय, आन् ब्रेकबी जड लागतोय." मालक म्हणाले, "ब्रेक जड न्हाई, तुझं वय झालंय."

एका कारागिराने कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आणि मोठा जेट बसवून थरथर कमी करून दिली. थोडक्यात, हवा जास्त होत होती म्हणून त्याने पेट्रोलही जास्त केले. रोग तसाच राहिला, लक्षण मात्र झाकले. महिनाअखेर मालकांनी वही उघडली, तर पेट्रोलचा खर्च वाढलेला. मग त्यांनी तोच सनातन प्रश्न विचारला : रात्री टाकीत नळी कोण घालते? अठरा वर्षांची चाकरी एका आकड्यापुढे हलकी ठरली. दिवाळीपूर्वी त्याला काढून टाकावे असे जवळजवळ ठरलेच होते.

तेवढ्यात कोणाच्या तरी सांगण्यावरून एक वृद्ध मिस्त्री आला. त्याने मालकांशी दोन शब्दही न बोलता ड्रायव्हरला शेजारी बसवून विचारले, "कवा थरथरती? थंड असताना का तापल्यावर? घाटात का बाजारात?" ज्याला सारे आरोपी समजत होते त्याला या म्हाताऱ्याने साक्षीदार मानले. मग त्याने निर्वात मोजण्याची तबकडी जोडली. काटा १२ वर स्थिर. तो म्हणाला, याला दोन कारणे असू शकतात. एक तर ठिणगी उशिरा पडते, नाहीतर कुठेतरी हवा शिरते. त्याने आधी ठिणगी तपासली. ती वेळेवर होती. मग तेलाच्या बुधलीने एकेका सांध्यावर थेंब सोडले. चीर असती तर तेलाने ती क्षणभर बुजली असती आणि इंजिनाचा सूर पालटला असता. सूर पालटला नाही. शेवटी ब्रेकला मदत करणारी, मॅनिफोल्डपासून निघालेली रबरी नळी त्याने दोन बोटांत चिमटली. इंजिन सुरात आले. काटा १७ वर चढला. वळणाशी, खालच्या अंगाला, नळी तडकली होती.

"मालक, चोर घावला," मिस्त्री म्हणाला, "पर त्यो मानूस न्हाई, वारा हाय."

त्याच निर्वाताच्या बळावर त्या गाडीचा ब्रेक हलका चालत असे. ड्रायव्हरने ब्रेक जड लागतो म्हटले होते ते अक्षरशः खरे होते. भरल्या गाडीने आंबा घाट उतरताना तो कित्येक आठवडे केवळ पायाच्या जोरावर गूळ, गाडी आणि स्वतःचा जीव सांभाळत होता. आणि वर चोरही ठरत होता.

नळी बदलली, जुना जेट परत बसला, पेट्रोल पूर्ववत झाले. मालक म्हणाले, "चला, मिटलं." ड्रायव्हरने चिंधीला हात पुसले आणि तो काही बोलला नाही.

खरेच मिटले का? मला तसे वाटत नाही. नळी तेव्हा रुपया-दीड रुपयात नवी मिळत असे; संशयाने तडकलेल्या विश्वासाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. कारण सापडल्यावर आरोप आपोआप परत घेतला गेला असे आपण समजतो, पण आरोप शब्दांनी केलेला असतो, तेव्हा तो शब्दांनीच परत घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, तो ड्रायव्हर खरोखरच चोर असता तर? तर मिस्त्रीच्या तपासात तेही निघाले असते. इंजिन निर्दोष ठरले असते आणि टाकीकडे पाहावे लागले असते. कारण शोधणे म्हणजे माणसाला सोडून देणे नव्हे. प्रश्न क्रमाचा आहे. कारण आधी शोधले तर निवाडा त्याच्या मागून येऊ शकतो. पण निवाडा आधी केला तर पुढे कारण शोधायला कोणी उरत नाही.

त्या तबकडीचाही एक धडा आहे. दर हजार फूट उंचीला तिचा काटा सुमारे एक इंच खाली येतो. मुंबईत १९ दाखवणारे धडधाकट इंजिन साडेचार हजार फुटांवरच्या महाबळेश्वरी साडेचौदाच दाखवील. उंचीचा हिशेब न करता जो त्याला रोगी म्हणेल तो मिस्त्री नव्हे. माणसांना मोजताना आपण ही वजाबाकी कितीदा करतो?

आजच्या गाड्यांत संगणक आहे. धुराड्यातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक मिश्रण पातळ झाल्याची वर्दी देतो आणि संगणक निमूटपणे पेट्रोल वाढवतो. ही भरपाई मर्यादेबाहेर गेली म्हणजे दिवा लागतो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना आणि हलक्या मालमोटारींना अशी स्वपरीक्षेची व्यवस्था सक्तीची आहे. पण तेथेही मनुष्यस्वभाव बदललेला नाही. दिवा लागला की पुष्कळ लोक प्रथम त्या संवेदकालाच काढून नवा बसवतात. बिचाऱ्याने खरी वर्दी दिली, एवढाच त्याचा अपराध.

हे वाचून आपल्याला कोणाची आठवण होते? मला घराची होते. प्रत्येक घरात निमूटपणे भरपाई करणारे कोणीतरी असते. बहुधा आई, कधी थोरली वहिनी, कधी न शिकता लवकर नोकरीला लागलेला भाऊ. कोठे कमी पडले की ते आपल्यातले थोडे अधिक ओततात, आणि घर सुरळीत चालले आहे असे इतरांना वाटते. मग एखाद्या दिवशी त्यांच्या तोंडून कडू शब्द निघतो आणि आपण म्हणतो, "हिला झालंय तरी काय?" दिवा लागला की आपण दिव्यालाच रागावतो.

वर्षभर घर धावत असते. नोकरी, शाळा, दुकान यांच्या वेगात चिरा कळत नाहीत. दिवाळीचे चार दिवस मात्र सारे एकत्र येतात, कोणाला कोठे जायचे नसते, आणि नेमके त्याच वेळी फराळाच्या ताटावर जुनी थरथर जाणवू लागते. पुष्कळांना वाटते, सणानेच भांडण आणले. सण बिचारा काही आणीत नाही. घर स्वस्थ उभे राहिले म्हणून आवाज ऐकू आला, इतकेच. अशा वेळी घाईने स्क्रू फिरवू नये आणि ओळीत उभे करून कोणाला विचारूही नये. जो थरथर सांगत असेल त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, "केव्हापासून?"