रातोरात

नवी मुंबईतल्या उलव्यात राहायला आल्यापासून एक शब्द माझ्या तोंडी फार सहज येतो : रातोरात. रातोरात टॉवर उभे राहिले, रातोरात भाव चढले, रातोरात आम्ही विमानतळाचे शेजारी झालो. इमारतीतली तरुण मुलं यालाच 'ओव्हरनाईट' म्हणतात, वयस्कर मंडळी 'बघता बघता', आणि घरं दाखवणारे दलाल 'कायापालट'. शब्द निरनिराळे असले तरी ते बोलणारे आम्ही बहुतेक सगळे नंतर आलेले.

तारखा पाहिल्या तर शब्द खोटा वाटत नाही. ११ नोव्हेंबर २०१८ला खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी अटल सेतू खुला झाला आणि लोकल उरणला पोचली. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. जेमतेम सात वर्षांत एवढं सगळं. आणि मला त्याचा फायदाच झाला आहे : घराची किंमत वाढली, सेतूमुळे मुंबईतली शिवडी जवळ आली.

तरीही हल्ली तो शब्द उच्चारताना मी अडखळतो. कारण त्यातली रात्र मी इथे आलो त्या दिवशी सुरू होते. इथल्या गावांची सुरू झाली १९७० साली. त्या वर्षी १७ मार्चला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी आगरी, कोळी, कराडी माणसं त्यानंतर सरकारी कागदांत 'प्रकल्पग्रस्त' झाली. आज त्यांची नातवंडंही स्वतःला प्रकल्पग्रस्तच म्हणवतात. पन्नास वर्षं टिकलेल्या ओळखीशेजारी मी माझं 'रातोरात' कुठल्या तोंडाने ठेवू?

माझ्या कपाटात या घराची फाईल आहे. नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरचं घर घेतलं की कागदांत त्रिपक्षीय करार येतो : सिडको, मूळ शेतकरी आणि त्याच्याकडून भूखंड घेणारा बिल्डर. माझ्याही फाईलमध्ये तो आहे. त्यात एका शेतकऱ्याचं नाव, मग वारसांची नावं, पुढे सह्या आणि अंगठे. बँकेच्या वकिलाने ती पानं टायटल स्वच्छ आहे ना, एवढ्याचसाठी चाळली. पण ते साडेबारा टक्के आले कुठून? जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला जासई आणि नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून, पुढे काही वर्षांनी, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे माझा दिवाणखाना ज्या जमिनीवर आहे, ती शेतकऱ्याच्या हातात परत यावी म्हणून माणसं मेली आहेत. हे वाक्य मी सावकाश, मोठ्याने म्हणून पाहिलं. त्यानंतर 'रातोरात' जिभेवर येईना.

इथे मला भाबडं व्हायचं नाही. घर मी रीतसर पैसे मोजून घेतलं, शेतकऱ्यानेही भूखंड आपल्या मर्जीने विकला असेल. गावठाणांतही गाड्या आल्या, मुलं शिकली. विमानतळ नको होता, असंही मला वाटत नाही. बोच आहे ती वेगळी. माझ्या पत्त्यात ज्या गावाचं नाव आहे ते मूळ उलवे गाव विमानतळासाठी उठलं. त्याच्यासोबत तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली अशा वस्त्या उठल्या. साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचं पॅकेज मिळालं, वडघर-वहाळकडे पुनर्वसन झालं. सुरुंग लावून उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. गाव गेलं, टेकडी गेली, नदी वळली. नाव तेवढं आमच्या टॉवरना मिळालं. ते मी रोज मिरवतो.

कुणाच्या तरी आयुष्यात बदल खरंच एका झटक्यात आला असेल, तर तो त्यांच्या, ज्यांना देव्हारा उचलून निघावं लागलं. माझ्याकडे तो हप्त्याहप्त्याने आला, आणि प्रत्येक हप्ता सुखाचा होता. तरी अचानकपणाचं कौतुक मीच करतो, आणि ज्यांनी तो सोसला ते सातबारा, भूखंड, वारसनोंद असं हिशेबाचं बोलतात. हा उलटेपणा मला स्वतःत दिसला तेव्हा फार लागला.

म्हणून माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. घरी पाहुणे आले आणि 'किती बदललं हो उलवे!' म्हणाले, की सेतूच्या आधी १९८४ सांगायचं. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी विमानतळाचं चित्र हवं असेल तर खाली उठलेल्या गावांची नावं तिच्याकडून लिहून घ्यायची. आणि फाईलमधलं ते शेतकऱ्याचं नाव घरात सगळ्यांना पाठ असलं पाहिजे.

उलव्यात नव्याने आलेल्या माझ्या शेजाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : दरवर्षी १६ जानेवारीला जासईला आणि १७ला नवघरजवळच्या पागोट्याला हुतात्म्यांना अभिवादन होतं. दोन्ही ठिकाणं आपल्यापासून लांब नाहीत. येत्या जानेवारीत तिथे या.