करवंदाची वई

सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. फेब्रुवारीनंतर हाच सडा वाळवंटासारखा तापतो. तरीही कातळाच्या फटीत करवंदाची जाळी हिरवी असते. ऐन एप्रिल-मे महिन्यात, रान सुकलेले असताना, तिची फळे पिकतात. बुलबुल येतात, रात्री कोल्हा आणि उदमांजर येते. मुले करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळतात.

बाग करायची झाली की पहिला कोयता या जाळीवर पडतो. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणात काजू-आंबा वाढला. त्यातून कितीतरी मुलांची शिक्षणे झाली. तेव्हा ‘पाखरांसाठी जमीन सोडा’ असे पगारदार शिक्षकांनी गरीब शेतकऱ्याला सांगणे शोभत नाही. प्रश्न एवढाच आहे: जमीन आपल्या नावावर असली, म्हणजे तिच्यावरचा प्रत्येक घास आपला होतो काय?

आपण लावलेल्या झाडाचे पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, ही हदीसची शिकवण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण करवंद तर बहुधा पाखरांनीच पेरलेले. मग सवाब कोणाचा? आम्हाला वाटते, हातात कोयता असताना तो थांबवायलाही नियत लागते. शिवाय माणसाला दिले की घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याची छाती फुगते. पाखराला दाता कोण हे कळतच नाही. असे देणे अधिक निर्मळ नव्हे काय?

यासाठी बाग मोडावी लागत नाही. तारेऐवजी हद्दीवर करवंदाची वई घातली, तर ती गुरांना अडवते आणि पाखरांना बोलावते. पिकल्या फळाचे ताजे बी पिशवीत पेरावे, पुढच्या पावसाळ्यात रोप लावावे, पहिला उन्हाळा थोडे पाणी द्यावे. पुढे ते आपले आपण जगते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जातही आहे.

सातबाऱ्यावर पाखरांचे नाव चढत नाही. त्यांचा वाटा मागायला कोणी कचेरीत जाणार नाही. तो ठेवायचा की नाही, हे मालकाच्या मनावरच सोडलेले आहे.