यादीत नसलेलं औषध

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, अगदी अजगरसुद्धा. दर दत्तजयंतीला आपण ते ऐकतो. माझ्या मनात मात्र एक गोष्ट घोळत राहते. यातल्या एकाही गुरूने अवधूतांना 'हे कर, हे करू नको' अशी यादी दिली नव्हती. त्यांनी बघितलं आणि स्वतःच ओळखलं. आमची बँकेतली सारी नोकरी याद्यांवर टिकमार्क करण्यात गेली!

२०१० चा द्राक्षहंगाम आपल्या वणी-दिंडोरीकडे कोणी विसरलं नसेल. युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपण त्याला लिहोसिन म्हणतो; खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला मारतात. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलो द्राक्षांत जेमतेम एक मिलिग्रॅम. माल नाकारला गेला, मोठं नुकसान झालं. आणि निर्यातीआधी ज्या औषधांचे अंश तपासायचे, त्या आपल्या यादीत हे नावच नव्हतं. इथे पास झालेला माल तिथे नापास.

तेव्हा एक बागायतदार मला म्हणाले, "भाऊसाहेब, यादीतच नव्हतं, मग माझं चुकलं काय?" मी मान डोलावली. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. पुढे ते नाव यादीत आलं आणि प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी धरलं.

मला तसं वाटत नाही. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, फवारणीची वही असते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. बांधापलीकडच्या 'लोकल' प्लॉटला यातलं काही नाही. मर्यादा आपल्या देशातही कायद्याने ठरलेल्या आहेत, पण हातगाडीवरचा घड कोण तपासतो? औषध तेच, पंप तोच, मालकही तोच. मग जर्मनीतल्या पोराच्या पोटाची ही काळजी म्हणजे नीती, की माल परत येण्याची भीती? भीतीनेही चांगलं घडतं, हे मी नाकारत नाही. वही लिहायची सवय आपल्याला निर्यातीनेच लावली. पण ती भीती बांधापाशी येऊन थांबते.

मी तरी कुठे वेगळा होतो? कर्जप्रकरण आलं की "एक्स्पोर्टचा प्लॉट आहे ना?" एवढं विचारून खूश व्हायचो. लोकलवर काय मारता, कधी मारता, हे नोकरीभर एकदाही विचारलं नाही. फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

गेल्या गुरुप्रतिपदेला ओळखीच्या एका तरुण बागायतदाराने मंदिरात द्राक्षांची पाटी आणली. मी विचारलं, "कोणत्या प्लॉटची रे?"

"काका, देवाला लोकल कसं आणीन? एक्स्पोर्टचीच आहेत."

नैवेद्य झाला, आरती झाली. प्रसाद हातावर घेताना मी पुन्हा विचारलं, "आणि घरी पोरं कोणती खातात?"

तो जरा थांबला. "घरी? घरी लोकलच."