आटत्या तळ्याकाठचा धर्म

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका आणि त्याच्या आसपासच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. बेसाल्टच्या या काळ्या खडकावर उन्हाळ्यात जे पाणी टिकते ते बहुतांशी माणसाने बांध घालून अडवलेल्या पाझर तलावांचे, लघुसिंचन प्रकल्पांचे आणि गावतळ्यांचे असते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी नक्षत्र लागते तेव्हा ही तळी आटत आटत तळाशी येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या काठी पक्ष्यांची दाटी होते. पाणी आकसले की त्यातील मासे, गोगलगायी आणि कीटक थोड्या जागेत कोंडले जातात, शिवाय उघडा पडलेला चिखल चोच खुपसून अन्न शोधणाऱ्यांना मोकळा होतो. रंगीत करकोचा अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात धरून केवळ स्पर्शाने मासा टिपतो, चमचा आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत पाणी चाळतो, शेकाट्या लांब लालसर पायांवर उथळ पाण्यातून चालतो, तर टिटवी कोरड्या काठावर किडे वेचते. हे सारे पाहण्यासाठी आता दुर्बिणी घेतलेले हौशी निरीक्षक आणि निसर्गशिबिरातील मुले तळ्यांवर येऊ लागली आहेत, आणि त्यांच्या येण्याने एक जुना धर्मप्रश्न नव्याने उभा राहतो: पक्षी पाहणाऱ्यासाठी असतो की स्वतःसाठी, आणि तो स्वतःसाठी असेल तर पाहणाऱ्याचे त्याच्याविषयी कर्तव्य कोणते?

या प्रश्नाला मराठी मुलखाने दिलेले पहिले उत्तर शकुनाचे आहे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर बेताचा, असा समज गावोगाव आढळतो, आणि पावशाची हाक 'पेर्ते व्हा' अशी ऐकून शेतकरी पेरणीची तयारी करतो. या समजुतींना केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. विदर्भातील जंगलांत वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी असे लोकज्ञान आयुष्यभर आदराने टिपून ठेवले. तरीही शकुनाच्या दृष्टीत पक्षी हा निरोप्या असतो, म्हणजे निरोप कळला की त्याचे काम संपते आणि त्याची अंडी पुढे उबली की तुडवली गेली याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

दुसरे उत्तर अधिक उंचीवरचे आहे. श्रीमद्‌भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत, म्हणजे सर्व बंधने झटकून टाकलेला विरक्त पुरुष, यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, आणि त्यांत पृथ्वी, जल, मधमाशी यांच्याबरोबर पक्षीही येतात. दत्तसंप्रदाय या अवधूताला दत्तात्रेय मानतो. त्या संप्रदायात दत्तावतार समजले जाणारे नृसिंह सरस्वती चौदाव्या शतकात याच जिल्ह्यातील कारंजा येथे जन्मले, तर पैठणच्या एकनाथांनी हा स्कंध मराठी ओवीत विस्तारून १५७३ साली काशीत आपली टीका पूर्ण केली. पिलांच्या मोहाने जाळ्यात सापडणारा कपोत, म्हणजे कबूतर, कुटुंबासक्तीचा परिणाम दाखवतो, आणि चोचीतील भक्ष्य टाकून देताच पाठलागातून सुटणारा कुरर हा पक्षी अपरिग्रहाचे, म्हणजे संग्रह न करण्याचे, सुख दाखवतो. या कथनाचे मोठेपण असे की त्यात शिष्यत्वाचा भार पूर्णपणे पाहणाऱ्यावर आहे. पक्षी उपदेश करत नाही, आणि ज्याला पाहता येते त्यालाच गुरू मिळतो.

परंतु येथेही एक अडचण शिल्लक राहते. मराठीत प्रचलित असलेल्या अनेक सांगण्यांत कुररच्या जागी टिटवी येते आणि चोचीत मासा धरून उडते; प्रत्यक्षात टिटवी जमिनीवरचे किडे खाणारी आहे आणि मासा पकडून नेणे हा तिचा स्वभाव नाही. पक्षी बदलला तरी बोध तसाच राहिला, याचा अर्थ परंपरेला बोध हवा होता, तो देणारा विशिष्ट जीव नव्हे. नीतिकथांतील बगळ्याचेही असेच झाले आहे, कारण भक्ष्याच्या प्रतीक्षेत निश्चल उभे राहण्याची त्याची रीत माणसाच्या ढोंगाचे प्रतीक ठरली आणि जो प्राणी ढोंग करूच शकत नाही त्याच्या माथी दोष बसला. गुरू मानण्यातही जर पक्ष्याच्या खऱ्या जगण्याकडे दुर्लक्ष होत असेल, तर तो आदर अपुरा आहे.

तिसरे उत्तर जऊळका येथून फार दूर नाही, कारण अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र असलेले शिरपूर याच मालेगाव तालुक्यात आहे. जैन दर्शनानुसार प्रत्येक जीव चैतन्यमय असून सुखदुःखाचा भोक्ता आहे. जीवांचे वर्गीकरण त्यांना किती इंद्रिये आहेत यावरून होते, आणि पक्ष्याला माणसाप्रमाणेच पाचही इंद्रिये असल्याचे हे दर्शन मानते. म्हणून पक्षी काही सांगो वा न सांगो, त्याला वेदना होते एवढे एकच कारण त्याच्याशी जपून वागण्यास पुरेसे ठरते. या विचारातून साधूंच्या आचरणाचे जे नियम निघाले त्यांत पाच समिती, म्हणजे दक्षतेचे पाच प्रकार, आहेत. त्यांपैकी पहिली ईर्यासमिती सांगते की चालताना पुढची सुमारे चार हात जमीन पाहून, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे. पावसाळ्यात जमीन जीवजंतूंनी भरते म्हणून साधूंनी चातुर्मासात प्रवास थांबवून एका जागी राहावे, हा नियमही त्याच दक्षतेचा विस्तार आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीस तळ्याकाठी ईर्यासमितीचा अर्थ शब्दशः लागू होतो. टिटवी घरटे विणत नाही. ती उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात, खडे आणि लेंड्या यांच्यामध्ये, मातकट रंगाची ठिपकेदार अंडी घालते, बहुधा चार, आणि ती चार हातांवरूनही सहज दिसत नाहीत. चार आठवड्यांच्या आसपास चालणाऱ्या उबवणीत या दिवसांत खरे काम ऊब देण्याचे नसून अंड्यांवर सावली धरण्याचे असते, त्यासाठी टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते. निरीक्षक जवळ गेला की ती ओरडत आकाशात घिरट्या घालते आणि तेवढा वेळ अंडी वैशाखवणव्यात उघडी पडतात. छायाचित्राच्या मोहाने कोणी तेथे रेंगाळला तर हात न लावताही हिंसा घडू शकते. आकाशाकडे रोखलेली दुर्बीण जितकी आवश्यक, तितकीच जमिनीकडे झुकलेली नजर आवश्यक आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. साधू जीव वाचवतो तो स्वतःला कर्मबंध लागू नये म्हणून, तेव्हा पक्षी येथेही माणसाच्या मोक्षाचे साधनच ठरत नाही काय? हेतूपुरता पाहिल्यास आक्षेपात तथ्य आहे, परंतु आचरणात त्याचे उत्तर मिळते. शकुन पाहणाऱ्याला टिटवीने अंडी कोठे घातली एवढे कळले की पुरते आणि बोध घेणाऱ्याला कथा पुरते. ज्याला हिंसा टाळायची आहे त्याला मात्र अंडी कशी दिसतात, ती कधी घातली जातात आणि पक्षी कशाने उठतो हे सारे जाणून घ्यावेच लागते. अहिंसेचे व्रत पाळायचे तर समोरचा जीव जसा आहे तसा ओळखणे भाग पडते, आणि या ओळखीत पक्षी साधन राहत नाही.

हाच प्रश्न कायद्यातही दिसतो. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या इतकी व्यापक केली आहे की तीत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायम आणि हंगामी अशी सारी उथळ जलक्षेत्रे येतात. उलट भारताच्या २०१७च्या पाणथळ संवर्धन नियमांनी सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळले आहेत. वाशीमसारख्या जिल्ह्यात पक्ष्यांना मिळणारे पाणी प्रायः अशाच जलाशयांचे असल्यामुळे बांधणाऱ्याच्या हेतूने जागेचा दर्जा ठरतो, तेथे प्रत्यक्ष नांदणाऱ्या जीवनाने नव्हे. एकनाथांच्या नावाने ओळखला जाणारा पैठणचा नाथसागर मुख्यतः शेतीसाठी बांधला गेला, तरी १९८६ साली तो पक्षी अभयारण्य झाला. बंधाऱ्यामुळेच तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. जैन अनेकान्तवाद सांगतो की वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका बाजूने केलेले विधान हा 'नय', म्हणजे आंशिक दृष्टिकोन, असतो. 'हा सिंचन तलाव आहे' हे विधान खरे आहे, पण ते एका नयाचे आहे, आणि त्याच तलावाला पाणथळ म्हणणारा नयही तितकाच खरा आहे.

ही तात्त्विक भूमिका शेतकऱ्याच्या गरजेविरुद्ध जात नाही. आटलेल्या तलावातील गाळ काढून शेतात पसरणे हे जमिनीसाठी हिताचे काम आहे, आणि २०१७पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेतून राज्यभर त्याला चालना मिळाली; अडचण एवढीच की गाळ काढण्याचे आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचे दिवस एकच असतात. यंत्र उतरण्यापूर्वी गावातील मुलांनी जाणत्या माणसांबरोबर काठ दुरून न्याहाळून घरट्यांच्या जागा टिपाव्यात, त्यांच्याभोवती थोडी जमीन पिले अंड्यातून बाहेर पडेपर्यंत सोडावी आणि उरलेला गाळ खुशाल उचलावा. निसर्गशिबिराला यापेक्षा अर्थपूर्ण उपक्रम सापडणे कठीण आहे, कारण त्यात पक्षी ओळखण्याचे ज्ञान आणि त्याला जगू देण्याचा संयम एकाच वेळी शिकवला जातो. अवधूताने पाहण्याला साधना मानले, जैन मुनींनी पाऊल टाकण्याला साधना मानले. कारंजा आणि शिरपूर ही दोन्ही क्षेत्रे ज्या जिल्ह्याच्या वाट्याला आली त्या जिल्ह्याने या दोन साधना आपल्या तलावांच्या काठी एकत्र आणणे हे त्याच्या वारशाला साजेसेच ठरेल.