लहरी सोडण्याआधी

पांडुरंगा, चमत्कार मागत नाही. उद्या यंत्राच्या धक्कालहरींनी (शॉक वेव्ह) मुतखडा फोडून घ्यायला जो पेशंट समोर बसेल, त्याला खरं सांगायची बुद्धी दे.

तो विचारेल, "डॉक्टरसाहेब, खडा फुटेल ना नक्की?" त्याची बायको विचारेल, "परत यायला लागणार नाही ना?" या दोन प्रश्नांना एकच उत्तर नाही. फुटणं वेगळं, बाहेर पडणं वेगळं. किडनीच्या खालच्या कप्प्यातल्या खड्याचा भुगा झाला, तरी वाट अरुंद, लांब आणि अडनिड्या कोनाची असली की तो तिथेच बसून राहतो. मोठ्या खड्याचे तुकडे तर कधी मूत्रवाहिनीत एकामागे एक अडकतात, आणि मग पुन्हा तीच कळ.

अंदाज बांधायला साधनं आहेत. सीटी स्कॅन पाण्याला शून्य धरून खड्याची घनता सांगतो. आकडा हजारापुढे गेला की लहरींचं फारसं चालत नाही. कातडीपासून खडा १० सेंटिमीटरहून खोल असला की यशाची आशा उतरते. २ सेंटिमीटरच्या वरचा असला तर दुर्बिणीनं काढलेलाच बरा. सिस्टिनचा खडा तर जात्याच हट्टी. सगळं मांडून मी हिशेब करतो, पण तो हिशेब अनेकांचा मिळून झालेला, आणि समोर बसलेला एकटा. शंभरात इतक्यांना गुण येतो म्हटलं की त्याला वाटतं, आपण त्या इतक्यांतलेच. (मलाही वाटतं. तुझ्यापासून काय लपवू?)

१९८० च्या फेब्रुवारीत म्यूनिकमध्ये ख्रिश्चन शॉसींनी पहिल्या माणसावर हा लहरींचा उपचार केला. पाण्याच्या टबात बसवून, विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीच्या यंत्रानं. मागच्या पेशंटांचा एकही आकडा त्यांच्या हाताशी नव्हता. त्यांना तो धीर कुठून आला, तुलाच ठाऊक.

मला त्याहून लहान धीर पुरेल. बाहेर बाकड्यावर रांग लागली की यंत्राचा वेग वाढवायचा मोह होतो. मिनिटाला ६० लहरींवरच हात थांबू दे, सावकाशीनं खडा जास्त नीट फुटतो. आणि आकडे विरुद्ध गेले तर "लहरी नकोत, दुर्बिणीनं काढू" हे स्पष्ट म्हणू दे, तो ऑपरेशन टळेल या आशेनं लांबून आला असला तरी. फक्त ते सांगताना माझा आवाज कोरडा होऊ देऊ नकोस.